कोण पाहिजे तुम्हाला?

विचुंब्यात काही घडलं की ते कसं घडलं यापेक्षा कोणाच्या हद्दीत घडलं, हा वाद आधी मिटवावा लागतो. कागदोपत्री हे गाव आहे. ग्रामपंचायत आहे, सरपंच आहेत, ग्रामसभा आहे. बिल्डरच्या पाटीवर मात्र ते न्यू पनवेल असतं आणि मुलीकडच्यांना पत्ता सांगताना नवी मुंबई होतं. जिल्हा रायगड, म्हणून कलेक्टर अलिबागला. पोलीस आयुक्त नवी मुंबईचे. इमारतीच्या नकाशासाठी 2013 पासून सिडकोचं 'नैना' हे नियोजन क्षेत्र. 2016 मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली, तेव्हा तिची हद्द आमच्या अलीकडे येऊन थांबली. एवढ्यांच्या छायेखाली राहणारा माणूस खरं तर निर्धास्त असायला हवा. पण गेल्या पावसाळ्यात रस्त्यावर गुलमोहर आडवा झाला आणि हे झाड गावाचं, सिडकोचं की जिल्ह्याचं यावरून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. एकाने कुठलीशी अधिसूचना शोधून टाकली. दुसऱ्याने त्यावर गूगलचा नकाशा टाकला. तोवर शेअर रिक्षावाल्यांनी कोयता मागवून वाटेपुरत्या फांद्या तोडल्या आणि 'विचुंबे, विचुंबे' असं ओरडत ते निघूनही गेले.

समुद्र आमच्या वाट्याला आलेला नाही. आहे ती गाढी नदी. माथेरानच्या डोंगरातून निघते, देहरंगच्या धरणात पनवेलकरांसाठी थोडं पाणी मागे ठेवते आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. एरवी ही नदी आहे हे पाहुण्यांना सांगावं लागतं. जुलैत सांगावं लागत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पनवेलमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते जुने लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. दर वर्षी हात बोटभर वर सरकतो. पुराचा इशारा आला की शहाणी माणसं नदीपासून लांब जातात म्हणे. आमच्याकडे ती पुलावर जातात. पूल मजबूत आहे ना हे बघायला एका वेळी इतकी मंडळी त्यावर उभी राहतात, की सरकारला वेगळी चाचणी घ्यायची गरज पडू नये. पोलीस शिट्टी मारायला लागला की उत्तर ठरलेलं : "साहेब, आम्ही इथलेच आहोत." इथल्या माणसाला नदी ओळख दाखवते अशी त्यामागे श्रद्धा असावी.

तरी जिल्हा किनाऱ्याचा असल्यामुळे समुद्रातून येणारी संकटं आम्हाला चुकत नाहीत, निदान बातमीपुरती. 18 ऑगस्ट 2022, दहीहंडीचा आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-47 रायफली निघाल्या. जिल्हाभर नाकाबंदी. विचुंब्यापासून हरिहरेश्वर चांगलं चार-पाच तासांवर आहे, पण आमच्या सोसायटीचं गेट त्या दिवशी संध्याकाळीच बंद झालं आणि नेमका त्याच वेळी आलेला इस्त्रीवाला कपड्यांच्या बोचक्यासकट बाहेर अडकला. बोचकं उघडून दाखवल्याशिवाय त्याला आत घेतलं नाही. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या चादरी होत्या, त्या सगळ्यांनी बघितल्या. ग्रुपवर एकाने विचारलं, "अशी बोट खाडीतून गाढीत शिरून आपल्यापर्यंत येऊ शकते का?" त्यावर एका अनुभवी सभासदाने धीर दिला, "आली तरी पुलाखाली अडकेल." पुढे गृहमंत्री देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं, की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला निघालेली. वाटेत इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि रिकामी बोट लाटांवर वाहत आमच्या जिल्ह्यात आली. बोटीत माणूसच नव्हता, त्यामुळे 'कोण पाहिजे तुम्हाला' हे विचारायची सोय नव्हती.

त्याआधीचं उरणचं प्रकरण इकडच्या लोकांना जास्त जवळचं. 22 सप्टेंबर 2016. उरीच्या हल्ल्याला चार दिवस झालेले. शाळेतल्या मुलांनी सांगितलं, काळ्या कपड्यांतली, हत्यारं घेतलेली माणसं दिसली. नौदल, तटरक्षक दल, एटीएस, कमांडो, हेलिकॉप्टर, सगळं उरणात उतरलं. शाळा बंद. संशयिताचं रेखाचित्रही निघालं. हाती काही लागलं नाही. शेजारच्या पनवेल तालुक्यात मात्र त्या आठवड्यात काळा सदरा घालून पाठीवर सॅक लावणाऱ्याची पंचाईत होती. माथेरानच्या डोंगरात भटकायला निघालेल्या कॉलेजच्या पोरांना चहाच्या टपरीवर चहाबरोबर जबानीही द्यावी लागत होती. 2025 च्या जुलैत कोर्लईजवळ रडारवर संशयास्पद बोट दिसली म्हणून रात्रभर धावपळ झाली, तर ती बोट नसून मासेमारीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया असल्याचं नंतर सांगण्यात आलं.

या धावपळीला हसणं सोपं आहे, पण मी हसत नाही, कारण हाच किनारा एकदा दुर्लक्षामुळे भोगून बसलेला आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडीतून जे उतरले, त्यांना 'कोण रे तुम्ही, कुठून आलात' असं पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. रडारने नव्हे. त्यानंतर किनाऱ्यावर बरंच काही आलं. मच्छीमारांना ओळखपत्रं आली, सागरी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे नंबर आले आणि 'सागर कवच' नावाची कवायत सुरू झाली. या कवायतीत आपलेच लोक शत्रू होऊन समुद्रातून घुसायचा प्रयत्न करतात आणि आपल्याच लोकांनी त्यांना पकडायचं असतं. कोळीवाड्यात कोणाची बोट आली हे इंजिनाच्या आवाजावरून सांगणारी माणसं आहेत. तिथे वेष पालटून शिरणं म्हणजे सासूच्या डोळ्यांदेखत डब्यातला लाडू उचलण्यासारखं आहे.

आमच्या इमारतीत ही यंत्रणा तळमजल्यावर, गेटसमोरच्या खिडकीत बसते. डाळिंब्या सोलत.

काकूंची खिडकी ही मोक्याची जागा आहे. गेट, जिना, पाण्याच्या टँकरचा पाइप आणि समोरच्या इमारतीच्या पहिल्या दोन गच्च्यांसारख्या बाल्कन्या, एवढा सगळा मुलूख तिथून दिसतो. पुढ्यात भिजवून मोड आणलेल्या वालांचं पातेलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वाल दाबला की साल या हातात आणि डाळिंबी त्या वाडग्यात. नजर एकदाही खाली जात नाही. ती गेटवर असते. परवा पार्सलवाला आला.

"कोण पाहिजे?"

"तीनशे चार."

"तीनशे चारमध्ये कोण?"

"मावशी, पार्सल द्यायचंय."

"ते दिसतंय. ती ऑफिसला गेलीय, सातशिवाय यायची नाही. मऊ आहे की कडक?"

पोराने निमूटपणे पार्सल दाबून बघितलं. "मऊ."

"मग कुर्ताच. मागच्या आठवड्यात लहान झाला म्हणून परत पाठवला होता. ठेव इथे. आणि तू नवीन दिसतोस. तो चष्मेवाला येतो, त्याचं काय झालं?"

"त्याचं लग्न आहे."

"कुठची मुलगी?"

तो पोरगा जाईपर्यंत त्याचं गाव, पगार, गाडी स्वतःची की हप्त्याची, आणि चष्मेवाल्याच्या होणाऱ्या सासऱ्यांचा व्यवसाय एवढी माहिती आमच्या इमारतीच्या दप्तरी जमा झाली होती. कुठल्याही पोलीस ठाण्याला भाडेकरूच्या अर्जातून इतकं मिळत नाही.

अधिकृत दप्तर वॉचमनच्या केबिनमध्ये असतं. जाड रजिस्टर, त्यात नाव, फ्लॅट, वेळ, कारण, सही असे रकाने. 'कारण' या रकान्यात सगळे जण 'काम' लिहितात. पहिल्याने लिहिलेल्या वेळेखाली बाकीचे टिंबं देतात, त्यामुळे रजिस्टरप्रमाणे आमच्याकडे दिवसभराचे सगळे पाहुणे सकाळी नऊ वाजता एकदम येतात. रजिस्टरला सुतळीने बांधलेलं पेन आहे. आजवर इमारतीत नेमाने चोरीला गेलेली वस्तू तीच.

त्याच केबिनमध्ये सीसीटीव्हीचा पडदा आहे. पडद्यावर आठ चौकोन. दोन काळे. एकात कोळ्याचं जाळं, अगदी जवळून, त्यामुळे कोळी चालायला लागला की वॉचमनकाका दचकतात. एकात नारळाची झावळी, वारा असेल तर तिच्या मागे पार्किंग दिसतं. उरलेल्या चौकोनांत जे दिसतं त्याची तारीख चुकीची असते, कारण लाईट गेली की यंत्राचं घड्याळ मूळपदावर येतं, आणि लाईट किती वेळा जाते हे पनवेलकरांना सांगायला नको. मध्यंतरी एका मुलाची सायकल गेली. सगळ्यांनी मिळून चित्रीकरण बघितलं. हेल्मेट घातलेला माणूस सायकल घेऊन शांतपणे बाहेर पडताना स्पष्ट दिसला, आणि खाली तारीख : 1 जानेवारी 2000. आमच्या इमारतीतले सगळे गुन्हे त्याच दिवशी घडलेले आहेत. मुलाचा जन्म नंतरचा, त्यामुळे तक्रार देताना वडिलांना बरंच समजावून सांगावं लागलं. सायकल मिळाली ती काकूंमुळे. तो माणूस बाहेर पडला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "हवा भरायला नेतोय." यावर काकूंचा विश्वास बसला नव्हता, कारण दोन्ही चाकांत हवा होती. त्यांनी पायातल्या निळ्या चपलेपर्यंत वर्णन दिलं.

मग मे महिन्यात चड्डी-बनियान टोळी आली. म्हणजे तसा मेसेज आला. उसर्लीत काल, देवदला परवा, आज तुमच्याकडे. अंगाला तेल लावून येतात, लहान मुलाच्या रडण्याचा आवाज काढतात, दार उघडू नका. मेसेज कोणाचा, घटना कोणाकडची, तक्रार कुठे झाली, काही नाही. शेवटी 'जनहितार्थ' मात्र होतं. सेक्रेटरींनी तातडीची सभा घेतली आणि पुरुषांनी पाळीपाळीने रात्रीची गस्त घालायची ठरली. हत्यारं जमली : कॉलेजमधली हॉकी स्टिक, दोन स्टंप, एक छत्री आणि गणपतीतल्या मिरवणुकीची शिट्टी. पहिल्या रात्री सगळे उत्साहात होते. चहाचा थर्मास झाला, भडंग झालं, सोसायटीच्या थकबाकीदारांची उजळणी झाली. साडेबाराला लाईट गेली. मे महिन्यातलं पनवेल. शर्ट अंगाला चिकटलेले. एकेकाने शर्ट उतरवून खांद्यावर टाकला. हाफ पँट सगळ्यांच्या होत्याच. तशीच पलटण टॉर्च मारत इमारतीला फेऱ्या घालत राहिली. मध्येच कोणाचं तरी तान्हं उकाड्याने जागं होऊन रडायला लागलं.

सकाळी समोरच्या इमारतीच्या ग्रुपवरचा एक फोटो फिरत फिरत आला. 'सावधान! चड्डी-बनियानमधले सहा-सात इसम रात्री एक वाजता विचुंबे परिसरात फिरताना. हातात लोखंडी रॉड.' सेक्रेटरींनी तो लगेच 'सर्वांनी सतर्क राहावे' असं लिहून आमच्याही ग्रुपवर टाकला. फोटो धूसर होता. तो मोठा करून बघितला त्यांच्या मिसेसनी, आणि पुढच्या इसमाचं पोट त्यांच्या ओळखीचं निघालं. दुसऱ्या रात्री गस्तीला शर्ट सक्तीचा झाला. तिसऱ्या रात्री पोलिसांच्या गाडीने थांबवून सगळ्यांची नावं लिहून घेतली. चौथ्या रात्रीपासून गस्त बंद आहे.

आम्ही सगळे एकमेकांना ओळखणारे, बाल्कनीतून हाक मारली तर ओ देणारे, म्हणून हा विनोद झाला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे तो झाला नाही. आठवडी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधी पसरलेले होतेच. जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या ग्रुपवरचे एक निवृत्त गृहस्थ तेव्हापासून पाच-पाच करून पाठवतात. वेळ त्यांच्याकडे भरपूर आहे. त्यांना कधी 'ही बातमी खरी का हो' असं विचारलं तर ते म्हणतात, "खरी नसली तरी काळजी घेतलेली बरी." मला या वाक्याची चड्डी-बनियान टोळीपेक्षा जास्त भीती वाटते.

चौकशी ग्रुपही करतो आणि काकूही करतात. पण काकूंना ज्याच्याबद्दल शंका येते त्यालाच त्या विचारतात, तोंडावर, मोठ्या आवाजात. ग्रुप त्याला सोडून बाकी सगळ्या जगाला विचारतो. पंढरीच्या वाटेवरचा, भगव्या कपड्यांतला एक म्हातारा गेल्या वर्षी आमच्या गेटपाशी येऊन बसला, तेव्हा ग्रुपवर त्याचे तीन फोटो पडेपर्यंत काकूंनी त्याला पाणी देऊन, गाव कुठलं, घरी कोण, दिंडी चुकली कशी, हे सगळं काढून घेतलं होतं. फोटोखाली कोणी 'संशयित' लिहीत असताना तो काकूंच्या पायरीवर बसून डाळिंब्यांची उसळ आणि भाकरी खात होता.

चोर आता गेटमधून येतातच असं नाही. एका दुपारी काकूंना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, डोक्यावर टोपी, मागे झेंडा. हिंदीतून दरडावणी : तुमच्या आधार कार्डावर परदेशात निघालेलं पार्सल पकडलं आहे, त्यात अमली पदार्थ आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट करण्यात आलं आहे. कायद्यात अशी अटकच नाही, हे पोलीस घसा कोरडा होईस्तोवर सांगतात. तरी शिकली-सवरलेली माणसं आयुष्याची पुंजी घालवून बसतात. काकूंनी फोन वालांच्या पातेल्याला टेकवून ठेवला आणि विचारलं, "कौन लाया था पार्सल? हमारे इधर तो चष्मेवाला आता है. उसका तो लगीन है."

पलीकडचा साहेब गडबडला. पुन्हा दरडावून म्हणाला, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, फोन ठेवायचा नाही, कोणालाही सांगायचं नाही. पहिल्या दोन अटी काकूंना मान्य होत्या, त्या एरवीही बसूनच असतात. तिसरी त्यांच्या प्रकृतीला झेपणारी नव्हती. त्यांनी खिडकीतूनच हाक मारली, "अहो, वरचे! या जरा, सीबीआयवाले आलेत बघायला." पाच मिनिटांत फोनभोवती सात-आठ बायका जमल्या. एकीने वर्दीवरची पट्टी कुठली ते विचारलं, तिचा भाऊ पोलिसात आहे. काकूंचं लक्ष भलतीकडेच होतं. "बाळ, तुझ्या मागच्या भिंतीला ओल आलीय. झेंड्याच्या डाव्या बाजूला बघ. आमच्या गच्चीचं ज्याने केलं त्याचा नंबर देऊ? कुठचं ऑफिस तुमचं? जेवलास का?" अटक करणाऱ्यानेच फोन ठेवला. वरच्या मजल्यावरच्या मुलाने 1930 वर तक्रार नोंदवून दिली. काकूंना शेवटपर्यंत हळहळ एवढीच, की त्याचं गाव कळलं नाही.

या पराक्रमानंतरच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी ग्रामसुरक्षा यंत्रणेचा विषय काढला. पुणे-नाशिककडच्या बऱ्याच गावांत ती चालते. संकटात एका टोल फ्री नंबरवर फोन करायचा, बोलायचं, आणि आपलं बोलणं आपल्याच आवाजात गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी वाजतं. बिबट्या आला, आग लागली, चोर शिरला, की अख्खं गाव जागं. कल्पना उत्तम आहे. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हळूच म्हणालं, "पण हा नंबर काकूंना कळेल." ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

आणि मग काकू लेकीच्या बाळंतपणाला बदलापूरला गेल्या. खिडकी बंद. गेटवर कोणी कोणाला काही विचारेना. पार्सलं चुकीच्या मजल्यावर जाऊ लागली, एक जण आमच्या गच्चीवर जाऊन केबल जोडून गेला आणि ती कोणाची हे अजून ठरलेलं नाही. सेक्रेटरींनी नवा कॅमेरा बसवला, बरोबर काकूंच्या खिडकीच्या वर. त्याची तारीख दोन दिवस बरोबर होती. तिसऱ्या मजल्यावरचे हैराण होऊन म्हणाले, आता तरी आमच्याकडे कोण येतं-जातं याची बोंब होणार नाही.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींना बदलापूरहून फोन आला. लेक सुखरूप, मुलगी झाली, वगैरे सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर पाहुणे आलेत का हो? मुक्कामाला आहेत."

सेक्रेटरींनी बाल्कनीतून वर बघितलं. दोरीवर अनोळखी टॉवेल वाळत होता. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दूधवाल्याला फोन केला होता बारशाच्या दुधाचं विचारायला. म्हणाला, तिथे दोन पिशव्या जास्त लागतायत. आणि एक अर्ध्या लिटरची गायीची. म्हणजे बरोबर लहान मूल आहे."